मिस्त्रीची वायर बरोबर होती

जव्हारच्या बाजारात कुणाचं काम फसलं की अजूनही म्हणतात, "मिस्त्रीसारखी वायरिंग केलीस काय?" असं म्हणणाऱ्यांतल्या निम्म्यांनी त्या मिस्त्रीचं काम पाहिलेलंही नाही. मी पाहिलं आहे. वायरिंग उत्तम होती. घोटाळा माझ्या चड्डीने केला होता, आणि तो आता लिहून टाकतो.

ऐंशीच्या दशकाची अखेर. आमच्या सरकारी कार्यालयात संगणक आला. पाड्यापाड्यावरच्या घरांची माहिती त्यात भरायची होती: भात किती, नागली किती, पाणी विहिरीचं की ओढ्याचं. कोपऱ्यात कपाटाएवढं मुख्य यंत्र, सगळी माहिती त्याच्या पोटात, आणि त्याला जोडलेले दोन पडदे. मी ठाण्याला जाऊन थोडंफार शिकून आलो होतो, म्हणून एका पडद्यासमोर मला बसवलं. दुसऱ्यासमोर कुणी बसायचं ते शेवटपर्यंत ठरलं नाही. माझी नेमणूक तात्पुरती होती, हे ध्यानात ठेवा. मी तर तेव्हा दुसरं काही ध्यानात ठेवतच नव्हतो.

खोलीची वायरिंग बाजारातल्या मिस्त्रीने केली. त्याच्या घरात आधी कुलपं दुरुस्त करायचे, मग वीज आली तसे ते विजेकडे वळले. नम्रता त्याला ठाऊक नव्हती. काम संपल्यावर तो आमच्या साहेबांना म्हणाला, "ही वायर तुमच्या पेन्शनपर्यंत चालंल, साहेब. तुम्ही चालाल का, ते मी नाही सांगत." साहेब हसले नाहीत. तिथेच त्याचं नशीब फिरलं.

आमच्याकडच्या पावसात कपडे वाळत नाहीत. दोरीवर घातलेला शर्ट चार दिवसांनी काढला तर ओला तो ओलाच, वर बुरशी. चुलीवर धरला तर माणूस दिवसभर भाजलेल्या बोंबलासारखा वास मारतो. अशा गावात एकच कोरडी खोली होती, संगणकाची. तिथे एसी होता. यंत्राच्या पाठीला जाळी होती आणि तिच्यातून गरम वारा यायचा. मी एकदा तिच्यावर चड्डी टाकली. तासाभरात पापड!

अशी गोष्ट लपत नाही. शिपायाने शर्ट आणला, बड्या बाबूंनी बनियन आणले, पुढे साहेबांच्या घरून मुलांचे गणवेश येऊ लागले. खोलीत दोरी बांधली. जाळीवर मात्र हक्क माझाच. शोध माझा होता.

त्याच आठवड्यात यंत्र मरायला लागलं. सकाळी ठीक, जेवणानंतर पडदा काळा. पोटातली अर्ध्या दिवसाची माहिती गुल. वीज गेली तर समजू शकतो, पण हे वीज असताना मरायचं. दाभोसा गावातली घरं मी इतक्यांदा भरली की कुणाच्या दारात किती कोंबड्या ते तोंडपाठ झालं.

मुंबईहून तंत्रज्ञ आला. तो येणार म्हटल्यावर आम्ही काय केलं? कुठल्याही सरकारी कार्यालयात करतात तेच. मोठ्या गावचा माणूस तपासणीला येतोय, म्हणून फरशी पुसली, उदबत्ती लावली आणि दोरीसकट सगळे कपडे काढून कपाटात कोंबले. त्याच्यासमोर यंत्र दिवसभर गाण्यासारखं चाललं. तो गेला, कपडे परत आले, यंत्र आडवं. तो पुन्हा आला, कपडे पुन्हा कपाटात. तिसऱ्या फेरीला तो वैतागून म्हणाला, "मशीनमध्ये दोष नाही. तुमची वायरिंग किंवा अर्थिंग बघा."

साहेबांना एवढंच हवं होतं. मिस्त्रीला बोलावलं. भर पावसात, चिखलाने भरलेल्या अर्थिंगच्या खड्ड्यात त्याला मीठ आणि कोळसा ओतायला लावला. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "भाऊसाहेब, लोणचं घालताय काय जमिनीचं?" तरी यंत्र मेलंच. साहेबांनी नाशिकचा ठेकेदार ठरवला आणि मिस्त्रीची सगळी वायरिंग उखडायचा हुकूम दिला.

तंत्रज्ञ शेवटचं एकदा येणार होता. आम्ही जाळीवरचे, दोरीवरचे कपडे काढले, पण घाटात दरड कोसळली आणि तो आलाच नाही. यंत्र मात्र संध्याकाळपर्यंत चाललं. तंत्रज्ञ नाही, उदबत्तीही लावली नव्हती, मग चाललं कसं? दुसऱ्या दिवशी मी जाळीवर चड्डी टाकली आणि यंत्राच्या मागे हात लावून बसलो. जेवणाच्या सुट्टीपर्यंत यंत्राची पाठ तव्यासारखी तापली. मग पडदा काळा. श्वास कोंडल्यावर दुसरं काय होणार?

तेव्हाच बोलायला हवं होतं. ठेकेदाराची माणसं बाहेर पक्कड घेऊन उभी होती. पण बोललो असतो तर साहेबांच्या मुलांचे गणवेशही निघाले असते, आणि माझ्या कायम होण्याच्या कागदावर सही साहेबांचीच व्हायची होती. मी गप्प बसलो. वाईट पुढेच आहे. नवी वायरिंग झाली त्या दिवशी मी दोरी सोडली आणि सगळ्यांना सांगितलं, "आता इथे कपडे नकोत, वायर नवी आहे." त्यानंतर यंत्र एकदाही मेलं नाही. सगळं गाव म्हणालं, बघा, मिस्त्रीचीच वायर खराब होती.

मी कायम झालो. मिस्त्रीला परत सरकारी काम मिळालं नाही. लोकांनी घरचे पंखेही दुसऱ्याकडे न्यायला सुरुवात केली. तो भिवंडीला यंत्रमागांच्या मोटारी बांधायला गेला आणि म्हातारा होऊन परत आला.

गेल्या महिन्यात मी त्याच्या दुकानात जाऊन सगळं सांगितलं. तो मोटारीला तार गुंडाळत होता. ऐकताना हात थांबला नाही.

"मला कशाला सांगताय, भाऊसाहेब? माझी वायर बरोबर होती, मला तेव्हाच माहीत होतं. गावाला माहीत नाही. गावाला सांगा."

"लिहितो," मी म्हणालो.

"लिहा. आणि चड्डीचा रंगपण लिहा. नाहीतर लोक म्हणतील, म्हाताऱ्याने मिस्त्रीची दया येऊन बनवून सांगितलं."

निळ्या पट्ट्यांची होती. नाडीची.