एका सुराची पेटी

माझे यजमान अमरावतीत वकिली करत. एका रविवारी ते बडनेऱ्याहून टांग्यातून विजेवर वाजणारी बाजाची पेटी घेऊन आले. रेल्वेच्या क्लबात कुण्या गोऱ्या साहेबाने मागे टाकलेली. निम्म्या पट्ट्या दाबल्या की वर येत नव्हत्या आणि आत उंदरांनी संसार मांडला होता. या रत्नाच्या बदल्यात ते माझी हार्मोनियम देऊन आले होते. मला विचारायचं त्यांच्या डोक्यातही आलं नाही. त्या हार्मोनियमवर माझा मुलींचा गाण्याचा क्लास चालायचा. घरात माझं म्हणावं असं तेवढंच होतं.

"अगं, भाता हलवायची कटकट गेली," ते म्हणाले. भाता त्यांनी जन्मात हलवला नव्हता.

दुरुस्तीला त्यांचे रेडिओवाले मित्र आले. रोज संध्याकाळी दोघं बैठकीत पेटी उघडून बसत. कुरतडलेल्या वायरी बदलल्या, पट्ट्या स्पिरिटने पुसल्या, कथिलाचा डाख देताना माझी सतरंजी जाळली. पेटी वाजली, हे कबूल करते. सर्दी झालेल्या सनईसारखी, पण वाजली.

सकाळी मुली आल्या. सा आणि प एकदम दाबून ठेवायचे आणि त्यावर मुलींनी गळा लावायचा, ही आमची रीत. मी दोन्ही दाबले. वाजला फक्त प. मुलींनी त्यालाच सा मानलं आणि किंचाळायला लागल्या. त्यांतल्या दोघींच्या आया दारातच होत्या. "पेटी नीट झाली की पाठवू," म्हणून त्या मुलींना घेऊन गेल्या.

मी बसून पाहिलं. कोणत्याही दोन पट्ट्या दाबा, वरचीच वाजायची. दर वेळी तेच होतं तर तो बिघाड कसला? यंत्राची घडणच एका सुराची होती. संध्याकाळी तसं सांगितलं.

"नाही वयनी, बिघाडच हाय," मित्र म्हणाले. "खालचा सूर कुठंतरी अडकून रायला. तुमी चहा ठेवा, आमी पाहतो."

"बायकांना वायरिंगमधलं काय कळतं!" यजमानांनी जोड दिली.

चहा मी ठेवला नाही. दोघांनी अडकलेला सूर आठवडाभर शोधला आणि शेवटी होता तोही घालवला. पेटी मुकी झाली. तरी दोघं तिच्याशेजारी बसून विजेवर मोठमोठं बोलत होते.

"जिथली वायर तिथं लावा," मी म्हटलं. "एक सूर आला की उठा."

सूर आला. दुसऱ्या दिवशी मी ती टांग्यात घालून बडनेरा गाठलं. क्लबातल्या कारकुनाला स्वच्छ सांगितलं, ही एका वेळी एकच सूर देते.

"द्या बाई, द्या! आमच्या साहेबाले दोन्ही हातांनी वाजवा लागते. तुमच्या पेटीचा भाता हलवाले चपराशी बसवून ठेवला, अन् तो झोपून जाते."

हार्मोनियम घेऊन मी परतले. "आणखी आठवडा मिळता तर दोन सूर काढले असते," हे यजमान पुढे कित्येक वर्षं पाहुण्यांना ऐकवत राहिले.

क्लास पुन्हा भरला. त्या दोन आयांपैकी एकीने मुलगी पाठवली नाही. तिने दुसरीकडे घातली होती. क्लासमध्ये गळा म्हणावा असा त्या एकाच पोरीला होता.