कॉम्प्रोमाइज म्हणजे राजीनामा

मिल बंद झाली तेव्हा बाबा पंचेचाळीस वर्षांचे होते आणि मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. फोल्डिंग खात्यात, म्हणजे तयार कापड मोजून त्याच्या घड्या घालतात तिथे, ते कारकून होते. इंदूरच्या एकेका मिलचा भोंगा गप्प होत होता आणि तिकडे पीथमपूरला नवे कारखाने उभे राहत होते. अशाच एका कारखान्यात स्टोअरकीपरची जागा निघाली. साहेब लोक बाहेरचे, त्यामुळे मुलाखत इंग्रजीत. बाबांना दोन महिन्यांनंतरची तारीख मिळाली. घरात दुसरं कमावणारं कुणी नव्हतं, तेव्हा ही नोकरी मिळणं भागच होतं.

इंग्रजी शिकवायचं काम माझ्याकडे आलं. मी काही विदुषी नव्हते, पण वासरांत लंगडी गाय शहाणी. दोनशे पानी वही आणली, पानावर तीन रकाने आखले: शब्द, अर्थ, वाक्य. पहिले दोन मी भरायचे, तिसरा बाबांनी. वाक्य जमलं की समासात मी लाल पेनाने बरोबरची खूण करायची. सोपे शब्द बाबांना येत होते. आता पुढची पायरी हवी होती.

बाबांची सगळी वाक्यं फिरून फिरून मिलमध्येच जात. ‘अबंडंट’वर त्यांनी लिहिलं, देअर इज अबंडंट डस्ट इन फोल्डिंग. ‘रिलक्टंट’वर, द मशीन इज रिलक्टंट.

“बाबा, मशीन कशी काय नाखूश असेल?”

“तू आमची मशीन पाहिली नाहीस ना, बेटा. एकदम अडियल होती. सकाळी सकाळी तर बिलकुल हलायची नाही.”

व्याकरण ठीक होतं, मी खूण केली.

अर्थ मी माझ्या इंग्रजी-हिंदी डिक्शनरीतून उतरवायचे. ‘कॉम्प्रोमाइज’पुढे तिथे दोन अर्थ होते, समझौता आणि राजीनामा. रकाना अरुंद होता. एकच मावणार होता, म्हणून मी ‘राजीनामा’ घेतला. तो मला जास्त मराठी वाटला. बाबांनी वाक्य लिहिलं, आय डिड नॉट कॉम्प्रोमाइज. मला ते इतकं बाणेदार वाटलं की मी खूण जरा मोठीच केली.

मुलाखतीच्या दिवशी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून गेले आणि दुपारी परत आले ते खुशीत. आईने पाणी दिलं, ते हातात तसंच धरून सांगू लागले.

“अगं, कुठंच नाही अटकलो. साहेबांनी विचारलं, मिल का सोडली? मी फटाकदिशी सांगितलं, सर, आय डिड नॉट कॉम्प्रोमाइज. ते बघतच राहिले. म्हणाले, नेव्हर? मी म्हटलं, नेव्हर, सर!”

“मग?” आईने विचारलं.

“मग काय, थँक्यू म्हणाले. मी तर साफ सांगून दिलं ना, आपण राजीनामा दिलेला नाही. मिल बंद झाली, आपण नाही सोडली.”

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मिल बंद पडायच्या आधी लोकांकडून नोकरी सोडल्याची पत्रं लिहून घेत होते आणि बाबांनी ते दिलं नव्हतं, हे मला माहीत होतं. पण आमच्याकडे सगळे त्याला इस्तीफा म्हणत. बाबा मराठी शाळेत शिकलेले, मी हिंदी. हिंदीत राजीनामा म्हणजे दोन पक्षांनी भांडण मिटवणं. मराठीत राजीनामा म्हणजे नोकरी सोडणं. मी लिहिला हिंदी शब्द, बाबांनी वाचला मराठी, आणि साहेबांनी इंग्रजीत ऐकलं की हा मिलवाला माणूस कुणापुढे नमत नाही. मिलवाला म्हटलं की आधीच सगळ्यांना युनियनची धास्ती. माझे बाबा तर रिक्षावाल्याशीसुद्धा कधी हुज्जत घालत नसत.

 मला भयंकर लाज वाटत होती आणि भीतीही. महिनाभर बाबा पोस्टमनची वाट बघत होते. पत्र आलं नाही. त्या एका वाक्यानेच नोकरी हुकली असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. उमेदवार बरेच होते, बाबांचं वयही आड आलं असेल. पण चोराच्या मनात चांदणं. पोस्टमनची सायकल वाजली की मी आतल्या खोलीत जायचे.

पुढे बाबा मल्हारगंजमधल्या एका कापडाच्या दुकानात लागले. दिवसभर उभं राहून थान, म्हणजे कापडाचे तागे, उलगडायचे आणि परत गुंडाळायचे. तिथे हिंदी पुरत होती. वहीचं नाव कुणी काढलं नाही.

दोन वर्षांनी बँकेच्या परीक्षेसाठी मलाच शब्द पाठ करायचे होते, म्हणून ती वही काढली. ‘कॉम्प्रोमाइज’च्या ओळीत माझा ‘राजीनामा’ पेन्सिलीने खोडला होता. वर बाबांच्या अक्षरात ‘तडजोड’. म्हणजे त्यांना कळलं होतं. केव्हा कळलं, कुणाला विचारलं, देव जाणे. मी त्यांना बोलले नव्हते, तेही मला बोलले नव्हते. जुन्या वाक्याखाली नवं वाक्य होतं: आय सेल क्लॉथ इन अ शॉप. इट इज अ कॉम्प्रोमाइज.

एकही चूक नव्हती. समासात खुणेची जागा त्यांनी नेहमीसारखी मोकळी सोडली होती. मी लाल पेन हातात घेतलं, पण बरोबरची खूण करायला हात धजला नाही.