अर्धा ग्रुप आमचा, अर्धा त्यांचा

साठच्या दशकाच्या शेवटी आम्ही दोघं मित्र टेक्ससमध्ये शिकायला आलो, तेव्हा चौघांचा एक पॉप ग्रुप प्रत्येक गाडीच्या रेडिओवर होता. एकसारखे कोट, एकसारखे भांग आणि गाजलेलं गाणं एकच. होस्टेलच्या किचनमध्ये भांडी घासताना मित्र त्यातला खालचा सूर धरायचा, मी वरचा. पुढे पोस्टरवर आधी नाव कुणाचं यावरून खालच्या आणि वरच्या सुराच्या दोघा गायकांचं फाटलं, कोर्टबाजी झाली आणि ग्रुपचे दोन ग्रुप झाले. दोन्ही जाहिरातींत ‘ओरिजिनल’. बाकीचे दोघे कंटाळून घरी बसले. चौघांत अक्कल असलेले तेवढेच.

अर्थात आम्हाला हसायला तोंड नाही. टेक्ससमधल्याच शुगर लँड गावातलं आमचं मराठी मंडळ गणपती शाळेच्या हॉलमध्ये बसवायचा की देवळाच्या, एवढ्यावरून फुटलं. मी शाळेकडे, मित्र देवळाकडे. तेव्हापासून बोलणं बंद. यंदा आमच्या कमिटीतल्या म्हाताऱ्यांना तरुणपण आठवलं आणि त्यांनी वार्षिक कार्यक्रमाला त्या ग्रुपमधला खालच्या सुराचा गायक आणला. देवळाच्या मंडळींनी लगेच पुढच्या शनिवारी वरच्या सुराचा बुक केला. दोन्हीकडे जिंकल्याचा आनंद.

आमचा गायक केस काळेभोर रंगवून तासभर हातवारे करत राहिला. वरच्या सुराच्या जागी टेप लावलेली. लोक बटाटेवड्याच्या रांगेतूनच टाळ्या वाजवत होते. जेवायला तो माझ्या शेजारी बसला, त्याने जुन्या जोडीदाराला मनसोक्त शिव्या घातल्या, श्रीखंड पुन्हा मागून घेतलं, आणि मग हळूच विचारलं, तिकडे गेलास तर बघशील का, त्याचा आवाज अजून वर जातो का. स्वतः एक फोन करवत नाही आणि चौकशी परक्याकडे. मला किळस आली.

तरी शनिवारी गेलो. दारात मित्रच तिकिटं तपासत होता. इतक्या वर्षांनी मला समोर बघून तो म्हणाला, “गेस्टची लाइन तिकडे आहे.”

मी तिकडे जाऊन उभा राहिलो. आत ते गाणं सुरू झालं. आवाज फाटका होता, पण वर जात होता. खालच्या सुराला टेप. मी वळून पाहिलं. तिकिटं फाडता फाडता मित्राचे ओठ हलत होते. माझ्याकडे लक्ष जाताच त्याने ते घट्ट मिटले. घशापर्यंत आलेला वरचा सूर मीही गिळून टाकला.