वाकड्या पापडांचा डबा

गॅसवर खिचडी होती आणि कुकरची दुसरी शिट्टी व्हायची होती, तेवढ्यात धुळ्याहून कविताचा फोन आला. "मावशी, आत्याबाई गेल्या…" एवढंच बोलली आणि रडायला लागली. कविता म्हणजे शांताअक्कांची सून. शांताअक्का माझ्या कोणी नात्यातल्या नव्हेत. लग्नानंतर आम्ही धुळ्यात त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो, एवढंच नातं. पुढे यजमानांची बदली जळगावला झाली, आम्ही इथेच घर केलं, पण माझा एक पाय अक्कांच्या ओट्यावरच राहिला. त्या दिवशी पारोळ्याच्या पुढे बसमध्ये मला एकदम आठवलं, की आता पापडाचे दिवस येतील. आणि मग मला माझाच राग आला. माणूस गेलंय आणि ही बाई पापडाचा विचार करतेय! पण अक्कांचा विचार करायचा म्हटलं की पापड येणारच, त्याला माझा इलाज नाही.

अक्कांचं साड्यांचं दुकान होतं. नवरा लवकर गेला, तेव्हापासून गादीवर त्याच बसायच्या. गिऱ्हाईक नसलं की मांडीवर पुस्तक. तेही कसलं, तर विनोदी गोष्टींचं नाहीतर चक्रम गोष्टींचं. कादंबरी त्यांना चालायची नाही. "दुकानात बसून कादंबरी वाचली की गिऱ्हाईक वैरी वाटतं," म्हणायच्या. गोष्ट कशी, दोन गिऱ्हाइकांच्या मधे मावली पाहिजे. एकदा त्या पुस्तकात बघून खुदकन हसल्या आणि समोर साडी अंगावर लावून बघणारी बाई तरातरा निघून गेली. तिला वाटलं, आपल्यालाच हसतेय! अक्का चप्पल न घालता चौकापर्यंत तिच्या मागे गेल्या, तिला परत आणलं, पाणी दिलं आणि ती गोष्ट वाचून दाखवली. बाईने साडी घेतलीच, वर पुस्तकही मागितलं. अक्कांनी साडी दिली, पुस्तक दिलं नाही.

चैत्रात आमच्या गल्लीत उडदाचे पापड निघायचे. आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे, सगळ्या पोळपाट-लाटणं घेऊन हजर. अक्कांनी त्यात एक नियम घातला. एकीने मोठ्याने वाचायचं, बाकीच्यांनी लाटायचं. वाचणारीला लाटणं माफ. गोष्ट कशी होती हे वाचून झाल्यावर कोणाला विचारायचं नाही, पापड बघायचे. हसता हसता लाटणं घसरलं, की पापड एकीकडे जाड, एकीकडे पातळ, काठ सुटलेला. असे वाकडे पापड जितके जास्त, तितकी गोष्ट चांगली. "हसून हसून पोट दुखलं असं म्हणणारा खोटं बोलतो," अक्का म्हणायच्या. "पोट-बिट काही दुखत नाही. हात चुकतो." सरळ पापड लेकीबाळींकडे, व्याह्यांकडे जायचे. वाकडे मात्र एका पितळी डब्यात वेगळे. आवडतं माणूस घरी आलं, की त्यातला एक विस्तवावर भाजायचा आणि हातावर ठेवताना सांगायचं, "हा त्या बोकडाच्या गोष्टीचा. हा त्या दुसऱ्याच्या वरातीत नाचणाऱ्या म्हाताऱ्याचा." पाहुणा चक्रावायचा. मग ती गोष्ट सांगणं आलंच.

त्यांची मतं म्हणजे घाव एक, तुकडे दोन. एका नावाजलेल्या संग्रहाचे सगळे पापड गोल निघाले, तर म्हणाल्या, "हा लेखक गिऱ्हाइकाआधी स्वतःच साडी नेसून बघतो. आपल्याआधी तोच हसून मोकळा होतो, मग आपण काय करायचं?" माझं आणि त्यांचं कायम वाजायचं. मला शेवट नसलेली गोष्ट सहन होत नाही. एका चक्रम संग्रहात एक गोष्ट होती. एका लग्नाच्या मांडवाबाहेर सगळ्यांच्या चपलांची अदलाबदल होते, आणि ज्याच्या पायात ज्याच्या चपला, तो त्याच्या घरी जाऊन राहायला लागतो. चपला जातील तिकडे माणूस! सोनार कुंभाराकडे जातो, कुंभार तलाठ्याकडे, आणि घरची माणसंही त्यांना जेवायला वाढतात. संपली गोष्ट. मी लाटणं आपटलं. "अहो, पण पुढे काय? त्यांना आपल्या चपला मिळाल्या की नाही?" अक्का रागावल्या किंवा फार खुशीत आल्या की अहिराणीवर यायच्या. "पुढे काय म्हंजे? संसार कया ना त्यासनी!" म्हणजे संसार केला त्यांनी, आणखी काय! मग माझ्या पोळपाटाकडे बघून, "उषे, तुना पापड पुनमना चांद शे. म्हंजे गोष्ट तुले पोचनी नई."

तेही खरंच होतं म्हणा. माझा पापड कधी बिघडला नाही. मी हसायचे, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायचे, पण हात आपला घड्याळासारखा गोल फिरायचा. माझ्या सासूबाईंच्या हाताखाली शिकलेला हात तो, तिथे हसायची सोय नव्हती. त्यामुळे त्या डब्यात गल्लीतल्या सगळ्यांचे पापड होते, माझा एकही नव्हता. अक्कांनी हे फार मनाला लावून घेतलं होतं. मी जळगावहून मुद्दाम पापडाला जायचे तेव्हा दारातच विचारायच्या, "यंदा तरी बिघडवशील का वं एखादा?"

पौषात शेवटची भेट झाली. अंथरुणावरच होत्या, आवाज खोल गेला होता, पण जीभ शाबूत. म्हणाल्या, "यंदा माझ्याच्यानं वाचणं होत नाही. कविता वाचेल." कविता बोदवडकडची. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, मुकाट्याने लाटायची, हसायचीही पदराआड. ती घाबरूनच गेली. "मले नाही जमत, मावशी. मोठ्यानं वाचलं की मह्या बोलीचा हेल येतो, लोकं हासतात." अक्का उशीवरून मान उचलून म्हणाल्या, "मंग हासू दे ना! तेन्हाकरताच तं वाचतस आपन." आम्ही तिघी हसलो. कविताने काही कबूल केलं नाही. आणि पुढच्या महिन्यात तो फोन आला.

आमच्याकडे ज्या घरात माणूस गेलं, तिथे वर्षभर पापडाचं पीठ मळत नाहीत. शेजारणींनी करून द्यायचे असतात. तेव्हा समोरच्या वैशालीच्या गच्चीवर अक्कांच्या घरचे पापड करायचं ठरलं. मीही सकाळच्या बसने गेले. लाट्या झाल्या, पोळपाट मांडले, पण गच्चीवर चिडीचूप. वैशाली म्हणाली, "यंदा वाचायला नको, बरं दिसत नाही." मला आतून तुटत होतं. एक वर्ष खंड पडला की पडलाच, हे काय मला कळत नाही? ज्या बाईने आम्हाला इतकी वर्षं हसवलं, तिच्या घरचे पापड असे मौनात लाटायचे? पण तोंड उघडायचा मला धीर होत नव्हता. परकी मी, जळगावची. मी आपली गोल पापड टाकत राहिले…

तेवढ्यात जिन्यावरून कविता आली. धापा टाकत, पदरात पुस्तक. कोणाकडे न बघता भिंतीला टेकून बसली आणि वाचायलाच लागली. तीच, चपलांची गोष्ट. पहिल्या पानाला आवाज कापत होता. मग बोदवडचा हेल लागला आणि आवाज स्थिरावला. गंमत म्हणजे त्या हेलात तो सोनार, तो तलाठी एकदम जिवंत झाले, शेजारच्या आळीतलेच वाटायला लागले. वैशाली आधी नाकातून हसली, मग उघड. सोनार कुंभाराच्या दारात उभा राहतो आणि कुंभारीण म्हणते, "आलात? हातपाय धुवा," इथपर्यंत कविता आली आणि माझं लक्ष गच्चीच्या दाराकडे गेलं. तिथे तिने काढलेल्या चपला होत्या. अंगठ्याला शिवण घातलेल्या, टाच झिजलेल्या. मी त्या कुठेही ओळखल्या असत्या.

"कविता," मी म्हटलं, "चपला कोणाच्या घालून आलीस गं?"

तिने पुस्तकातून मान वर केली, दाराकडे बघितलं. "अगं बाई! आत्याबाईंच्या!" अक्का गेल्यापासून त्या तिने उंबऱ्यापासून हलवल्याच नव्हत्या, आणि घाईत पाय सरकवून आली होती. मग वैशालीला जे हसू फुटलं, ते गच्चीभर पसरलं. कविता हसत होती आणि रडत होती, मी तर काय करत होते ते मलाच कळत नव्हतं. शांत झाल्यावर खाली बघितलं, तर लाटणं पोळपाटावरून घरंगळून गेलं होतं आणि पापडाची एक बाजू बोटाएवढी जाड, दुसरी फाटलेली. वैशाली किंचाळली, "उषाताईंचा बिघडला!" कविताने तो दोन्ही हातांनी उचलला आणि वेगळा, सावलीत वाळत घातला. मग परत जागेवर बसून म्हणाली, "पुढे ऐका." आणि शेवट नसलेली ती गोष्ट तिने शेवटपर्यंत वाचली. पुढे काय, असं मी या खेपेला विचारलं नाही.

परवा पुन्हा धुळ्याला गेले होते. उंबऱ्याशी चपला नव्हत्या, कविता त्या घालून दुकानात गेली होती. आली, चहा टाकला आणि पितळी डबा काढला. शेजारची एक नवी भाडेकरीण बसली होती, तिच्यासाठी विस्तवावर एक पापड भाजला. इतका वेडावाकडा की तिला तो धरावा कुठून ते कळेना.

"हा कसला पापड?" तिने विचारलं.

"चपलांचा," कविता म्हणाली, आणि ऐसपैस मांडी घालून बसली. "एक लग्न असतं…"