चुण्या धरून माप

वणवा डोंगर उतरून गल्लीच्या तोंडाशी आला, तेव्हा ज्याने त्याने हाताला लागेल ते उचललं. कुणी दागिने घेतले, कुणी घराचे कागद. समोरच्या सुताराने घाईघाईत कपाटाचा एक खण ओढून आणला आणि सुरक्षित जागी पोचल्यावर बघतो तर आत नुसते मोजे. माझ्या मावशीने मापांची वही घेतली. टेप गळ्यात होतीच. ती झोपतानाही काढत नाही, असं माझी आई म्हणते.

मावशी चाळीस वर्षं शिवणकाम करते. निम्म्या गावाच्या कंबरा त्या वहीत आहेत, आणि त्या कुठल्या साली किती वाढल्या तेही. ती कुणाला त्यावरून बोलत नाही. नुसती मान हलवते, दोन बोटं कापड जास्त धरते आणि गप्प बसते. म्हणून सगळे तिला मान देतात. मला विचाराल तर थोडे घाबरतातही.

तिचा मुलगा, म्हणजे आमचा दादा, दुसऱ्या शहरातून धावत आला. राख बघून आधी रडला, मग वही बघून चिडला.

"आई, घराचे कागद जळायला ठेवलेस आणि लोकांच्या कंबरा वाचवल्यास?"

मावशीचं म्हणणं असं की, कागद सरकारकडे असतातच, मापं फक्त तिच्याकडे. बोलणं बिनतोड होतं, फक्त खरं नव्हतं. परवाना कार्यालयात तिच्या घराचा नकाशा गहाळ होता. आणि नियम असा की, जळालेलं घर पूर्वीच्याच मापाने परत बांधता येईल, पण ते माप सिद्ध करायचं. नाही जमलं तर सरसकट दोन खोल्या. तिसरी खोली, तिची शिवणाची खोली, गेलीच म्हणून समजा. जोत्यावरून काही कळलं असतं, पण राडारोडा उचलायला आलेल्या यंत्राने जोतंही खरवडून नेलं होतं. एवढी तत्परता त्या गावात आधी कधी कुणी पाहिली नव्हती.

दादाचं मत होतं की मावशीने आता त्याच्याकडे राहायला यावं, या वयात शिवणाची खोली हवीय कशाला. मावशी महिनाभर राहूनही आली. मग एके दिवशी तिची वही मी चाळत होतो, तेव्हा शेवटच्या पानांत दादाच्या घरातल्या तिच्या खोलीचं माप सापडलं. लांबी, रुंदी, खाट, कपाट, आणि खाली एक ओळ: "मशीन बसत नाही." मशीनचं लाकूड जळालं होतं, लोखंड शाबूत होतं. ते तिने माझ्या आईच्या ओसरीत पोत्याखाली झाकून ठेवलं होतं. ती ओळ वाचून मला फार वाईट वाटलं, आणि मी नको तितका कामाला लागलो.

मी नकाशे काढतो. इंजिनिअर नाही, त्यांच्या हाताखाली रेघा ओढणारा. मावशी मला तरीही इंजिनिअर म्हणते, आणि कसं म्हणते यावरून काय ते कळतं. वहीच्या मागच्या पानांवर तिच्या जळालेल्या घराची मापं होती: कुठल्या खिडकीला, कुठल्या दाराला, कुठल्या भिंतीला किती पडदा. शिवणाच्या खोलीत तर एक अख्खी भिंत, या टोकापासून त्या टोकापर्यंत, पडद्याने झाकलेली असायची. मागे गिऱ्हाइकांचे अर्धवट कपडे टांगलेले. तिथे लिहिलं होतं, अठरा फूट. पुरावा हाताशी आला म्हणून मी हरखलो. दोन दिवसांत सुबक नकाशा काढला आणि मावशीला न दाखवताच नेऊन दिला. दाखवायचं काय त्यात, तिचीच तर मापं.

कार्यालयातल्या साहेबांना सगळे त्रुटीसाहेब म्हणत, कारण त्यांच्याकडून प्रत्येक फाइल "त्रुटींची पूर्तता करावी" एवढं लिहून परत येई. त्यांनी माझा नकाशा जमिनीच्या मोजणीच्या कागदावर ठेवला, चष्मा वर केला आणि आम्हाला बोलावणं धाडलं. शिवणाची खोली कुंपण ओलांडून शेजाऱ्याच्या पाण्याच्या टाकीत उतरली होती.

साहेब म्हणाले, हा खोटा पुरावा आहे. नकाशा नाही म्हणून फाइल याआधी दोनदा परत गेलीय, ही तिसरी वेळ. आता दोन खोल्यांचा शेरा मारून ती कायमची बंद करायची. त्यांनी पेनाचं टोपणही काढलं. माझी पाचावर धारण बसली.

मावशीने नकाशा बघितला, मग माझ्याकडे बघितलं. असं तिने फक्त एकदा बघितलं होतं, मी तिच्या कात्रीने पुठ्ठा कापला होता तेव्हा.

"पडद्याचं माप चुण्या धरून लिहितात रे. भिंतीच्या दीडपट."

म्हणजे अठराचे बारा. खोली बारा फुटांची होती आणि कुंपणाच्या चांगली अलीकडे थांबत होती. शिवणकाम करणाऱ्या कुणालाही हे ठाऊक असतं. रेघा ओढणाऱ्याला नसतं. पण साहेब ऐकेनात. आता अडचण आली म्हणून दीडपट, उद्या म्हणाल अडीचपट. तुमच्या वहीवर विश्वास ठेवायचा कसा?

मावशी वहीची पानं उलटत राहिली. एका पानावर बोट ठेवून तिने वही साहेबांकडे फिरवली. सात वर्षांपूर्वी याच कार्यालयाचे पडदे तिने शिवले होते. साहेबांची खोली, खिडकी, नऊ फूट.

"तुमची खिडकी नऊ फुटांची आहे का, ते बघून घ्या. असेल तर मी खोटी."

साहेबांनी खिडकीकडे पाहिलं. सात वर्षं पाठ करून बसल्यामुळे त्यांना ते माहीत नसावं. गळ्यातली टेप निघाली. शिपायाने एक टोक धरलं, मावशीने दुसरं. सहा फूट. मग पडदा उतरवून टेबलावर पसरला, फायली खाली गेल्या, धुळीने सगळे शिंकले. पडदा बरोबर नऊ फूट. साहेब म्हणाले योगायोग असेल. मग बाहेरच्या दालनाची खिडकी मोजली, मग नोंदींच्या खोलीची. तोवर रांगेतली माणसंही आत येऊन टेप धरायला लागली होती. सगळीकडे दीडपट, अर्ध्या इंचाचाही फरक नाही.

"अजून खात्री हवी असेल तर तुमच्या पँटचं पान काढते," मावशी म्हणाली. "पहिल्या सालापासूनची सगळी मापं आहेत."

रांगेने माना पुढे केल्या. साहेबांनी घाईने वही मिटली आणि म्हणाले की त्याची काही गरज नाही. नकाशा दुरुस्त करून आणा, शिवणाच्या खोलीसकट मंजूर करतो. मग शिपायाला पडदा लावायला सांगितलं. तो शिपायाने उलटा लावला, आणि दुरुस्त नकाशा घेऊन मी गेलो तेव्हाही तो तसाच होता.

घर वर्षाच्या आत उभं राहिलं. साहेब अखेरच्या तपासणीला आले, कोपरान् कोपरा मोजला आणि सही केली. जाताना हळूच विचारलं, माझ्या पँटच्या त्या पानावर काय लिहिलंय नेमकं? मावशीने सांगितलं, साहेब, ते फक्त शिवताना बघायचं असतं.

मग दादाने आणि मी मशीन नव्या लाकडावर चढवून शिवणाच्या खोलीत आणलं. मावशीने ते स्वतः सरकवत खिडकीखाली नेलं, भोवतीने एकदा फिरली आणि वही उघडली. दादाच्या खोलीच्या पानावर, त्या ओळीच्या खाली, तिने लिहिलं: "इथे बसलं." दादाने ते वाचलं. मग ओल्या डोळ्यांनी पायाने मशीन उगाच चालवून बघायला लागला, आणि मावशीने त्याला हटकलं नाही.

मला मात्र तिने टेपचं टोक दिलं आणि भिंतीच्या पलीकडच्या कोपऱ्यात उभं केलं. पडद्याचं माप घ्यायचं होतं. बारा फूट, मी ओरडून सांगितलं, आणि विचारलं की चुण्या धरून लिहू की न धरता.

"दोन्ही लिही," मावशी म्हणाली. "तुझा भरवसा नाही."