जागं ठेवलेलं मशीन

कुठल्याही खोलीत शिरले की साळवेभाऊंची नजर आधी उगाच काय चालू आहे याकडे जायची. रिकाम्या खुर्चीवरचा पंखा, कोणी बघत नसलेला मॉनिटर, जिन्यातला भर दुपारी जळणारा बल्ब. "हे कोणासाठी चालू आहे?" असं विचारायचे आणि उत्तराची वाट न बघता बटण दाबायचे. सातपूरच्या आमच्या कारखान्यात मी स्टोअरला होते; ते ऑफिसचे कॉम्प्युटर सांभाळायचे. राहायलाही आम्ही एकाच कॉलनीत, म्हणून मी त्यांची ताई आणि त्यांची बायको माझी शोभावहिनी.

वहिनी बोलक्या. बुद्धविहारातल्या महिला मंडळात त्यांच्याशिवाय पान हलायचं नाही. पन्नाशीच्या आतच त्यांना स्नायू निकामी करत जाणारा आजार झाला. आधी जीभ जड झाली, मग शब्द गेले, मग हातपाय. उजव्या हाताचं एक बोट तेवढं राहिलं. लग्नाआधी त्या मराठी टायपिंग शिकल्या होत्या, तेव्हा साळवेभाऊंनी ऑफिसने मोडीत काढलेला लॅपटॉप घरी आणला, त्यावर लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली घातली आणि वहिनींच्या पलंगाला फळी ठोकून त्यावर ठेवला. वहिनी एका बोटाने अक्षरं टिपायच्या, आपण वाचायचं. असं बोलणं.

ती लोडशेडिंगची वर्षं. लाईट गेली की तासन्‌तास यायची नाही. घरात इन्व्हर्टर होता, पण तो वहिनींच्या घशातला कफ ओढायच्या मशीनसाठी राखून ठेवावा लागे. लॅपटॉपने स्वतःच्या जुन्या बॅटरीवर निभावायचं. ती अर्ध्या तासात मान टाकायची, आणि मग लाईट येईपर्यंत वहिनी मुक्या.

एका रविवारी मी भाकरी घेऊन गेले तर भाऊ फळीवर ओणवे झालेले. मशीन सुरू केल्यावर आपल्यासमोर जे सगळं उभं राहतं त्याला सेशन म्हणतात, असं त्यांनी मला समजावलं. त्यात घड्याळ, आवाज, प्रिंटर, चित्रं, नेटवर्क असं न मागता बरंच उठून बसतं आणि बॅटरी खातं. "आपल्याला वरात नको, ताई. नवरी आली तरी पुरे." त्यांनी एकेक काढत नेलं. शेवटी बटण दाबलं की सरळ एकच खिडकी उघडायची, मोठ्या अक्षरांची. बॅटरी वाचावी म्हणून उजेडही कमी केला, मागचा रंग काळा ठेवला. वहिनींनी पहिलं वाक्य लिहिलं: "सुतक आहे का?" मग भाऊंनी तो रंग हळदीसारखा पिवळा करून दिला.

मशीन आता तास-सव्वा तास टिकू लागलं. पण नवीनच दुखणं निघालं. चार दिवसांनी भाऊ स्टोअरच्या खिडकीशी येऊन उभे राहिले. डोळे तांबारलेले.

"काल रडली ती," म्हणाले. "तिला एक अक्षर गाठायला वेळ लागतो. बोट उचलेपर्यंत स्क्रीन काळी. बॅटरी वाचवणारी जी व्यवस्था असते ना, तिला वाटतं समोर कोणी नाहीच."

"मग ती व्यवस्थाच काढून टाका."

"काढली. तर न सांगता-सवरता मशीन बंद पडलं. तिचं अर्धं वाक्य गेलं."

दोन्ही बाजूंनी मार. त्यांनी मग ती व्यवस्था काढलेलीच ठेवली आणि तिच्या जागी स्वतः चार ओळींचा प्रोग्रॅम लिहिला. स्क्रीन कधीच झोपायची नाही. लिहिलेलं अक्षर लगेच जपून ठेवलं जायचं. बॅटरी तळाला गेली की बारीक टिटिट वाजायचं. एवढंच. ते जमायला त्यांना अख्खा पावसाळा लागला, कारण सकाळी वहिनींची आंघोळ, मग कारखाना, मग स्वयंपाक, यातून उरलेल्या वेळात ते करत. मी एकदा म्हटलं, "भाऊ, जरा बसा हो." ते उभ्यानेच म्हणाले, "बसलो की उठवत नाही, ताई. म्हणून बसत नाही."

त्यांना मी हसताना फारसं पाहिलं नाही, चिडतानाही नाही. कोणी कौतुक केलं की म्हणायचे, "कौतुक कसलं? घरात एक माणूस बोलतंय, ते ऐकू यायला हवं." नातेवाईक वहिनींसमोर वहिनींविषयीच बोलू लागले की ते हात वर करून थांबवायचे. "ती लिहितेय. थांबा." आणि सगळी खोली एका बोटाकडे बघत बसायची.

दुसऱ्या उन्हाळ्यात वहिनी गेल्या. भाऊंनी नोकरी सोडली आणि औरंगाबादला मुलीकडे निघाले. मी त्यांना बसपर्यंत सोडायला गेले. एक पिशवी, एक ट्रंक. थांब्यावर ते पहिल्यांदाच खाली बसले, कठड्यावर.

"शेवटचं काय बोलल्या वहिनी?" मी विचारलं. विचारल्यावर जीभ चावली.

ते रस्त्याकडे बघत सांगू लागले. "दुपारची गोष्ट. लाईट नव्हती. जेवण भरवून झालं आणि तिने लिहायला घेतलं. बोट उचलतच नव्हतं. मला वाटलं, निरोप घेतेय. मी हात धरला नाही, मध्ये बोललो नाही. पाऊण तास लागला तिला. मशीन टिकलं."

"काय लिहिलं?"

"वरणात मीठ जास्त झालंय. कालही झालं होतं."

मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही. ते तसेच, कोरडे.

"मी म्हटलं, अगं, मग काल का नाही बोललीस? तर परत बोट उचललं तिने." बस येताना दिसली तशी त्यांनी पिशवी खांद्याला लावली. "लिहिलं, काल तुम्ही दमला होतात."