भिंतीवरच्या पाच फ्रेम्स

मित्रांनो, सदाशिव पेठेत माझं फ्रेमिंगचं दुकान आहे, हे बऱ्याच जणांना माहीत आहे. आज जे झालं ते लिहिल्याशिवाय राहवत नाही.

माझ्या अम्मीच्या गुडघ्यावर ॲक्युपंक्चर चालू होतं. काल सुई टोचलेली जागा सुजली आणि आज सकाळी ताप भरला. आमच्या डॉक्टरांनी जखम साफ केली, औषधं दिली आणि विचारलं, "सुया लावणाऱ्यांची राज्याच्या ॲक्युपंक्चर परिषदेकडे नोंदणी आहे ना?"

मी थेट त्या क्लिनिकमध्ये गेलो. भिंतीवर पाच प्रमाणपत्रं होती. पाचही फ्रेम्स मीच केलेल्या, पण त्यांच्यातला मजकूर आज पहिल्यांदा वाचला. कुठे दोन दिवसांची कार्यशाळा, कुठे एखाद्या संस्थेचं सभासदत्व. सरकारी नोंदणीचा क्रमांक कुठेच नाही.

"अहो, ही मी आपण होऊन घेतलेली प्रमाणपत्रं आहेत," सुया लावणारे गृहस्थ खाली बघत म्हणाले. "नोंदणीचं तेवढं राहून गेलंय."

राहून गेलंय! जसं काही दळण आणायचं राहिलंय.

तणतणत घरी आलो. "अम्मी, सुया टोचून घेण्याआधी विचारायचं तरी!"

ती शांतपणे म्हणाली, "विचारायचं काय त्यात? सगळ्या फ्रेम्स तुझ्या दुकानातल्या होत्या. म्हटलं, तू वाचूनच केल्या असशील."

उपचाराला जाता तेव्हा भिंतीवरचं तुम्ही वाचता का हो? मी तर इतकी वर्षं त्या कागदांची फक्त लांबी-रुंदी मोजत आलो.